टँकचा पीएच ६ वरून हलेना, रविवारी सगळं पाणी बदलू का?

तर्रीपोहे
शुक्रवार, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. मदत पाहिजे, थोडी घाईची.

तीन फुटी टँक आहे, पाणी अंदाजे दीडशे लिटर. चार ओरँडा, एक काळा मूर (दोन्ही गोल्डफिशच्याच जाती) आणि काचेला चिकटलेला सकर. वर्ष उलटून गेलं, आतापर्यंत मस्त चाललं होतं. आता मासे तळाशी बसून राहिले. पर अंगाला चिकटवलेले, रंग थोडा उतरलेला. दाणे टाकले तर वर येतात, पण पहिल्यासारखी झुंबड नाही. मेलं कोणीच नाही अजून.

नागपुरात मनीषनगरला राहतो. सोसायटीत बोअर. पाणी इतकं जड की कूलरच्या जाळीवर पांढरे पापुद्रे धरतात. म्हणून दुकानवाल्या भाऊनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की आरओचंच पाणी घाला. तेव्हापासून तेच घालून राहिलो.

थेंबांच्या किटनं पीएच पाहिला तर पिवळा येते, म्हणजे तक्त्यावर ६. पीएच वाढवायची बाटली आणली. टाकली की हिरवट येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. बोअरचं पाणी तपासलं तर गडद निळं. तर रविवारी मासे बादलीत काढून, सगळं पाणी बोअरनं बदलून, गोटे धुऊन, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ करून टाकतो म्हणतो. जमेल ना?

गोरेवाडा_लाइन
शुक्रवार, रात्री १०:०५

जमेल काय भाऊ, जमवाच. आरओ माणसांसाठी आहे, माशांना कशाला. आमच्याकडे नळाचं पाणी. बादलीत रात्रभर ठेवायचं नि सकाळी ओतायचं. इतकी वर्षं मासे पाळून राहिलो, पीएच एकदाही मोजला नाही. बदलून टाका, मासे नाचतील.

फायटर_प्रेमी
शुक्रवार, रात्री १०:११

पण ६ एवढा वाईट आहे का? माझा फायटर ६.५ ला एकदम खूश असतो असं सगळीकडे वाचलंय. (माझ्याच टँकमध्ये तो ६.५ कधी येत नाही ही वेगळी गोष्ट.)

रसायनवाली
शुक्रवार, रात्री १०:३०

तर्रीपोहे, रविवारचा बेत आधी रद्द करा. कारण सविस्तर लिहिते, पण आत्ता एवढंच: बोअरचं पाणी ओतू नका, पीएचची बाटली बंद करा, स्पंजला हात लावू नका, दोन दिवस खायला देऊ नका आणि एअर पंप पूर्ण क्षमतेने चालू ठेवा.

उद्या तीन गोष्टी मोजून इथे लिहा. टँकच्या पाण्यातला अमोनिया, टँकच्या पाण्याचा केएच (आम्ल झेलायची पाण्याची ताकद, पुढे सांगते) आणि पाण्याचं तापमान. जमल्यास बोअरचा आणि आरओचाही केएच मोजा. केएचचं किट वेगळं मिळतं, महाग नसतं.

गोरेवाडा_लाइन
शुक्रवार, रात्री १०:४१

बाप्पा! ताई, मासे आहेत का आयसीयूतले पेशंट?

तर्रीपोहे
शनिवार, सकाळी ११:२०

किट आणलं. हे घ्या.

टँक: अमोनिया ४ पीपीएम (किंवा थोडा जास्त, हिरवा रंग फारच गडद आहे). केएच: पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं. निळं झालंच नाही. तापमान ३०.
बोअर: केएच १४ थेंब.
आरओ: केएच एक थेंब.
टीडीएसचं पेन घरी होतंच, टँकचा टीडीएस ३१० आला. आरओ ४५, बोअर ७०० च्या वर. म्हणजे टँकचं पाणी जडच झालं ना?

रसायनवाली
शनिवार, दुपारी १२:५०

वाटलं होतं तेच आहे. आता सविस्तर. वर्गात शिकवायची सवय आहे, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

पीएच ही मोजपट्टी सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत मांडली. माझ्या अकरावीच्या पोरांना धड्यातलं एवढंच लक्षात राहतं. खरं लक्षात ठेवायचं ते हे की ती घातांकी आहे. ७ वरून ६ म्हणजे आम्लता दहापट, ८ वरून ६ म्हणजे शंभरपट. तुमचं बोअर आणि तुमचा टँक यांच्यात एवढं अंतर आहे. कदाचित त्याहूनही जास्त, कारण या किटचा रंग ६ च्या खाली बदलतच नाही. पिवळं दिसलं म्हणजे ६ असेल, ५.५ असेल, ५ सुद्धा असेल.

आता हे झालं कसं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे आपल्याला हवंच असतं, पण या कामात आम्ल तयार होतं. ते आम्ल पाण्यातले बायकार्बोनेट गिळतात. केएच म्हणजे ढोबळमानाने त्या बायकार्बोनेटचं मोजमाप. अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत नेताना साधारण ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. एक डिग्री केएच, म्हणजे तुमच्या किटचा एक थेंब, म्हणजे लिटरला जेमतेम १८ मिलिग्रॅम. बोअर किंवा नळाचं पाणी घालणाऱ्यांची ही क्षारता दर वेळी पाणी बदलताना भरून निघते. तुम्ही वर्षभर आरओ घातलंत, त्यात ती जवळपास नाहीच. ओरँडा घाण भरपूर करतात, दीडशे लिटरमध्ये पाच गोल्डफिश ही गर्दीच आहे. खर्च चालू आणि भरणा शून्य. केएच संपला त्या दिवसापासून पीएच घसरायला लागला.

पीएच ६.५ च्या खाली गेला की ते जिवाणू मंदावतात आणि ६ च्या आसपास जवळपास थांबतात. म्हणून अमोनिया ४ वर गेलाय.

मग मासे मेले कसे नाहीत? कारण पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, तो थेट आत जातो आणि कल्ले जाळतो. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. किट मात्र दोन्हींची बेरीज दाखवतं. तुमच्या ३० अंशाच्या पाण्यात मुक्त अमोनियाचा वाटा पीएच ६ ला साधारण ०.०८ टक्के, ७ ला ०.८ टक्के आणि ८ ला साडेसात टक्के. म्हणजे आज तुमच्या ४ पीपीएममधला मुक्त अमोनिया ०.००३. त्याच पाण्याचा पीएच ८ केला तर ०.३. माशांना ०.०२ ते ०.०५ पासूनच त्रास सुरू होतो.

थोडक्यात, या घडीला तुमचे मासे त्या कमी पीएचमुळेच जिवंत आहेत. बाटली टाकल्यावर पाणी हिरवट व्हायचं तेव्हा त्यांना काय होत असेल बघा.

टीडीएसचं म्हणाल तर पेन पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतं. वर्षभराचा नायट्रेट, विष्ठेतले क्षार, बाटलीतलं सोडियम. त्या ३१० मध्ये केएचचा वाटा शून्य आहे. टीडीएसवरून पीएच कळत नाही आणि केएचही कळत नाही.

गोरेवाडा_लाइन
शनिवार, दुपारी १:१५

म्हणजे गाडीचे शॉकअप गेलेले आहेत, आता प्रत्येक खड्डा सरळ पाठीत. असं ना ताई?

रसायनवाली
शनिवार, दुपारी १:१९

असंच. हे मी सोमवारी वर्गात वापरणार आहे.

कोष्टक
शनिवार, दुपारी २:०४

एक शंका. तर्रीपोहे *सगळंच* पाणी काढणार होते. मग अमोनियाही पाण्याबरोबर गेला असता की. अर्धं पाणी बदललं तर तुमचा हिशोब लागू होतो, पूर्ण बदललं तर धोका नेमका कशाचा?

रसायनवाली
शनिवार, दुपारी २:४०

रास्त प्रश्न. पूर्ण बदललं तर त्या क्षणी अमोनिया जातो हे खरं. (गोट्यांखालचं आणि फिल्टरमधलं पाणी राहतंच, पण ते सोडू.) धोका मग दुसऱ्या दोन बाजूंनी येतो.

पहिली बाजू: मासा शरीरातल्या क्षारांचा तोल सतत सांभाळत असतो, आणि हे काम बहुतांशी कल्ले करतात. ३१० टीडीएस आणि पीएच ६ ला महिनोन्‌महिने जुळलेला मासा एका तासात ७०० टीडीएस आणि पीएच ८ मध्ये टाकला की तो तोल कोलमडतो. अंगावर चिकट पांढरा थर येतो, मासा वेड्यासारखा धावतो, काचेवर आपटतो, नाहीतर एका कुशीवर पडून राहतो. काही लगेच जातात, काही चार-पाच दिवसांनी. तोवर माणूस पाणी बदलल्याचं विसरलेला असतो आणि बुरशीचं औषध शोधत असतो.

दुसरी बाजू: स्पंज धुतला, गोटे धुतले, म्हणजे उरलेसुरले जिवाणूही गेले. दोन दिवसांनी टँकमध्ये अमोनिया पुन्हा तयार होणार आणि आता पाणी पीएच ८ चं. तेव्हा थोडाही अमोनिया पुरतो. जुन्या, शांत वाटणाऱ्या टँकमधले मासे 'स्वच्छता केल्यावर' मरतात ते बहुतेक असे.

कोष्टक
शनिवार, दुपारी २:५२

पटलं. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत असंच झालं होतं एका वर्षी. घरात सगळ्यांनी नजर लागली म्हणून सोडून दिलं.

ढगाळ_दुपार
शनिवार, दुपारी ३:३०

डिस्कस ठेवतो, त्यामुळे आरओवर थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आरओ वाईट नाही. आरओ म्हणजे कोरा कागद. त्यावर काही लिहिल्याशिवाय तो माशांच्या कामाचा नाही. मी आरओमध्ये मोजून खनिजं घालतो, मग टँकमध्ये. पण गोल्डफिशला एवढी यातायात करायची गरजच नाही. त्यांना ७ ते ८ पीएचचं, थोडं जड पाणी मुळातच आवडतं. मॉली, गप्पी, प्लॅटी यांनाही. मऊ पाणी हवं असतं निऑन, कार्डिनल, डिस्कस यांना, आणि तेही मुख्यतः प्रजननासाठी. भारतातल्या फार्मवर वाढलेले एंजल तर ७.५ ला मजेत राहतात.

तर्रीपोहेंचं बोअर १४, आरओ १. एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ मिसळलं की केएच पाचच्या आसपास येईल. गोल्डफिशला झकास. पण इथवर आजच्या आज पोचायचं नाही, हे ताईंनी सांगितलंच आहे.

आणखी एक. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे टाकाऊ पाणी येतं ते टँकला घालायचं नाही. 'वाया कशाला घालवायचं' म्हणून घालणारे पाहिलेत. त्यात बोअरचे सगळे क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात. फरशी पुसा त्याने.

तर्रीपोहे
शनिवार, दुपारी ४:१०

ताई, दादा, हात जोडले. आता नेमकं काय करू ते सांगा. घरच्यांनी बादल्या काढून ठेवल्या होत्या, परत ठेवायला लावल्या.

रसायनवाली
शनिवार, संध्याकाळी ५:२५

बादल्या लागतीलच, पण एकेक.

आधी अमोनिया खाली आणायचा, पीएच नंतर. उलटं केलं की संपलं. रोज पंधरा लिटर पाणी काढा, तळातली घाण पाइपने ओढत ओढत. तेवढंच नवीन घाला: सुरुवातीला आरओच, त्यात बोअरचे एक-दोन मग. ओतायचं हळूहळू, बादली उपडी करायची नाही. अमोनिया बांधून ठेवणारं वॉटर कंडिशनर मिळतं, ते घाला. साधं अँटीक्लोरीन म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. ते फक्त क्लोरीन घालवतं, अमोनियाला त्याचा काही उपयोग नाही. बाटलीवर वाचून घ्या, दुकानात दोन्ही शेजारीशेजारी असतात.

अमोनिया १ च्या खाली आला की बादलीतला बोअरचा वाटा वाढवत न्या. पीएच दिवसाला ०.३ पेक्षा जास्त चढू द्यायचा नाही. केएच ४-५ ला पोचला की ढगाळ_दुपार यांचं एकास दोन प्रमाण कायम करा, मग दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. पीएच किती आहे याकडे तेव्हा बघूही नका. ७.४ असो की ७.८, तो एका जागी राहतोय ना, एवढंच.

पीएच ६.५ च्या वर गेल्यावर जिवाणू पुन्हा कामाला लागतील. तेव्हा मधल्या काळात नायट्राइट वाढेल. त्याची खूण म्हणजे मासा वर येऊन धापा टाकतो आणि कल्ले लाल न दिसता तपकिरी दिसतात. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन धरता येत नाही. यावर खडे मीठ, लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला ७५ ग्रॅम, दोन-तीन वेळांत विरघळवून. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांच्या दारातच अडवतो. सकरलाही एवढं चालतं.

आणि स्पंज धुवायचाच झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. पाणी चहासारखं गढूळ होईल, होऊ द्या. नळाखाली कधीच नाही.

फायटर_प्रेमी
शनिवार, संध्याकाळी ६:०२

ताई, खाण्याचा सोडा चालतो का? आणि पीएच कमी करायला लिंबू? मी मागे फायटरच्या टँकमध्ये बदामाची पानं टाकली, पाणी छान चहाच्या रंगाचं झालं, पण पीएच ८ चा ८.

ढगाळ_दुपार
शनिवार, संध्याकाळी ६:२०

लिंबू पाण्यातून बाहेर ठेवा. केएच आहे तोवर लिंबाचं आम्ल गिळलं जातं, आकडा थोडा उतरतो नि परत चढतो. तुम्ही आणखी पिळता. मग एका दिवशी केएच संपतो आणि पीएच कड्यावरून खाली. व्हिनेगरचंही तेच.

सोडा चालतो. ५० लिटरला एक सपाट चमचा, साधारण ६ ग्रॅम, टाकला की केएच ४ ने वाढतो. पण तो फक्त केएच देतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम देत नाही. ज्याच्या घरात बोअरचं फुकट जड पाणी आहे त्याने सोडा विकत का घ्यावा?

तुमच्या टँकच्या तळाला काय आहे? पांढरे चमकदार खडे?

फायटर_प्रेमी
शनिवार, संध्याकाळी ६:२४

हो!! दुकानात 'मार्बल चिप्स' म्हणून दिले होते. आणि एक मोठा शंख आहे सजावटीचा.

ढगाळ_दुपार
शनिवार, संध्याकाळी ६:४०

एक खडा बाहेर काढा, पुसून कोरडा करा, बशीत ठेवा आणि वर व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. कानाशी धरा.

फायटर_प्रेमी
शनिवार, संध्याकाळी ७:१५

चुर्र आवाज येतोय 😳 बारीक बारीक बुडबुडे, खड्याच्या फटीत तर फेसच. शंखालाही तसंच.

ढगाळ_दुपार
शनिवार, संध्याकाळी ७:२३

कॅल्शियम कार्बोनेट. पानांतलं आम्ल जेवढं उतरवतं तेवढं ते खडे विरघळून परत भरून काढतात. बदामाची पानं बिचारी काय करणार. शंख काढा, खड्यांऐवजी काळी बेसॉल्टची गिट्टी किंवा नदीची जाड वाळू धुऊन घाला, तीही आधी व्हिनेगरने तपासून. आपल्या पश्चिम नागपुराखाली सगळा बेसॉल्टच आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पण घाईने नको, एकेक मूठ काढा. फायटर ७.८ ला मरत नाही, बदलाने मरतो. आणि पानं राहू द्या, फायटरला त्यांचा आडोसा आवडतो. झाडावरची हिरवी तोडू नका, गळलेली तपकिरी घ्या, रस्त्याच्या धुळीची असतील तर धुऊन.

गोरेवाडा_लाइन
शनिवार, रात्री ९:०२

आता माझंही ऐका. सगळे मला अडाणी समजून राहिले, पण माझे मासे जिवंत आहेत ते का? पेंचचं पाणी नवेगाव खैरीवरून गोरेवाड्याला येते, तिथे साफ होऊन घरी. पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीएच ६.५ ते ८.५ मध्येच असावा लागते. मी दर रविवारी दोन बादल्या बदलतो. ताईच्या भाषेत माझा भरणा चालू आहे. मग मला किट कशाला?

रसायनवाली
शनिवार, रात्री ९:३५

अगदी बरोबर, आणि तुम्हाला अडाणी कोणी म्हटलं नाही. नियमित थोडं थोडं पाणी बदलणाऱ्याला पीएचचं किट वर्षातून दोनदा लागतं, तेही एरवीचा आकडा माहीत असावा म्हणून. त्यांचं पाणी त्यांना सांभाळतं. तुमचा सल्ला तुमच्या टँकला शंभर टक्के लागू आहे. तर्रीपोहेंच्या टँकला लागू करायला गेलं की मासे मरतात, एवढाच माझा मुद्दा.

फक्त दोन प्रसंगी जपा. पावसाळ्यात गढूळ पाणी साफ करायला तुरटी जास्त लागते, ती पाण्याची क्षारता थोडी खाते, आणि क्लोरीनचा वासही कधी जास्त येतो. आणि उन्हाळ्यात टँकर आला तर ते पाणी कुठल्या विहिरीचं हे कोणालाच ठाऊक नसतं. त्या दोन वेळी मोजून घ्या.

रात्रभर बादलीत ठेवता ते उत्तम. क्लोरीन उडतो आणि दुसरंही एक होतं. ताज्या पाण्यात, विशेषतः बोअरच्या, कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच कमी दिसतो. रात्रभर उघडं राहिलं की वायू निघून जातो आणि पीएच वर सरकतो. म्हणून बोअरचं पाणी काढल्या काढल्या मोजून उपयोग नाही. तर्रीपोहे, तुमचं निळं आणखी निळं होईल.

मोठी_आई_महाल
रविवार, सकाळी ७:५०

सगळं वाचलं बाई. माझा काचेचा टँक नाही. अंगणात तुळशीजवळ नवं सिमेंटचं टाकं बांधून घेतलं, कमळ लावायला. डास होऊ नये म्हणून गप्पी आणून सोडले तर दुसऱ्या दिवशी सगळे पालथे. पाणी नळाचंच, दोन दिवस भरून ठेवलेलं. कमळाचं पान पण कडेनं करपून राहिलं. त्यालाही हे पीएचच का?

रसायनवाली
रविवार, सकाळी ९:१०

आई, पीएचच, पण उलट्या बाजूचा. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो. नव्या टाक्यातलं पाणी ११-१२ पर्यंत जातं. हातावर घेऊन चोळून बघा, साबणासारखं बुळबुळीत लागेल. त्यात गप्पी काय, काहीच टिकणार नाही.

टाकं काठोकाठ भरा, तीन-चार दिवस ठेवा, पूर्ण रिकामं करा, आतून काथ्याने घासा, पुन्हा भरा. असं काही आठवडे करत राहा. घाई असेल तर भरलेल्या पाण्यात व्हिनेगर घालून मग रिकामं करता येतं, पण मासे नसताना. दोन दिवस उभ्या असलेल्या पाण्याचा पीएच ८.५ च्या खाली राहिला की मग गप्पी. तोवर डासांसाठी आठवड्यातून एकदा ते पाणी ओतून देताच आहात, तेवढं पुरे.

ढगाळ_दुपार
रविवार, सकाळी ९:३२

आणि मोठ्या आई, टाक्यात पुढे पाणी हिरवं झालं आणि कडक ऊन असलं तर दुपारी पीएच आपोआप ९ च्या पुढे जाईल. शेवाळ उजेडात कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं. पहाटे परत खाली. गप्पी हे सहन करतात. पण मोजायचं तर रोज एकाच वेळी मोजा, नाहीतर सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत गोंधळ व्हायचा. झाडं लावलेल्या काचेच्या टँकलाही हेच लागू.

मोठी_आई_महाल
रविवार, सकाळी १०:०५

बरं झालं विचारलं. गवंडी म्हणे पाण्यातच दोष आहे. त्याला दाखवते हे.

संपादक
रविवार, दुपारी १२:००

एक-दोन प्रतिसादांत दुकानांची नावं आली होती, ती काढली आहेत. चांगल्या चर्चेत तेवढं टाळा.

तर्रीपोहे
मंगळवार, रात्री १०:१५

अमोनिया २ च्या आसपास. पीएच अजून पिवळाच, पण जरा फिकट हिरवी झाक आहे असं बायको म्हणते, मला दिसत नाही. एक ओरँडा वर येऊन राहिला. तपकिरी कल्ले वगैरे नाही, लालच आहेत.

रसायनवाली
मंगळवार, रात्री १०:४०

वर येणं ऑक्सिजनसाठी असेल. २५ अंशाला पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, ३५ ला सात. आणि आपल्याकडे पुढचे दोन महिने काय होणार ते सांगायला नको. टँकचं झाकण काढा, एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फ थेट टाकू नका. पाण्याची बाटली गोठवून तरंगत ठेवली तर चालेल, तीही लहान.

मासे सुधारले नाहीत किंवा अंगावर व्रण दिसले तर तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारता येईल. फोटोवरून आम्ही किती सांगणार.

तर्रीपोहे
रविवार, रात्री ८:३० (बऱ्याच दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला सांगायला. अमोनियाचं किट आता पिवळंच राहते. केएच पाच थेंब. पीएच ७.६ च्या निळ्यावर थांबला, वरची पट्टी या किटात नाहीच. मधे नायट्राइट वाढलं होतं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे मीठ घातलं. सगळे जिवंत. एका ओरँडाची शेपटी कडेनं विरलेली आहे, नवी झाक येऊन राहिली. सकरनं काच सोडली नाही तेवढ्यात.

आता दुसरी अडचण. मे महिन्यात लग्नासाठी गावाला, आठवडाभर घर बंद. पंखा लावून ठेवला तर पाणी रोज दोन बोटं कमी होते. शेजारचा पोरगा पाणी टाकून देतो म्हणाला. त्याला बोअर-आरओचं एकास दोन प्रमाण लिहून देऊ का?

ढगाळ_दुपार
रविवार, रात्री ९:०५

नाही. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. भर म्हणून जड पाणी घातलं की दर वेळी क्षार वाढत जाणार, मे महिन्यात तर झपाट्याने. भर फक्त आरओची. बदल मात्र एकास दोन मिश्रणाचा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

जायच्या आधी आरओच्या बाटल्या भरून टँकशेजारी ठेवा, काचेवर टेपने रेघ मारा, पोराला सांगा रेघेपर्यंत, बस.

गोरेवाडा_लाइन
रविवार, रात्री ९:११

आणि दाण्याचा डबा कुलपात ठेवून जा भाऊ. पोरं डबा उपडा करतात.

रसायनवाली
रविवार, रात्री ९:२०

+१. मोठे गोल्डफिश आठवडाभर उपाशी आरामात राहतात. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदलू नका, तीन-चार दिवस आधी बदला. आणि वीज गेली तर एअर पंप परत आपोआप चालू होतो का, ते एकदा बटण बंद-चालू करून पाहून घ्या. काही पंपांत पाणी उलटं नळीतून खाली येतं. पंप टँकच्या पातळीपेक्षा वर टांगा.

तर्रीपोहे
रविवार, रात्री ९:४४

पंप खालीच ठेवलेला आहे. आत्ताच वर टांगतो.